आठ कुठे गेला?

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये वह्या-पेनांचं एक दुकान आहे. मालक सिंधी, सत्तरी ओलांडलेले. गिऱ्हाईक मराठी असो की सिंधी, सगळे त्यांना साईंच म्हणतात. कॅल्क्युलेटर विकताना ते डबा उघडून, एक ते नऊ बटणं ओळीने दाबून दाखवल्याशिवाय बिल फाडत नाहीत. "बाद में बोलना नहीं, सात का बटन चलता नहीं." एकदा मी म्हटलं, साईं, नऊ बटणं कशाला दाबता? एक भागिले एक्याऐंशी करा, आकडे आपोआप रांगेत येऊन उभे राहतील.

त्यांनी केलं. आठ आकडी साधं यंत्र होतं. पडद्यावर आलं ०.०१२३४५६. साईं खूश. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकांना ते हाच खेळ दाखवत होते.

मग एकदा मी चौकडी वही घ्यायला गेलो तर साईं एक कॅल्क्युलेटर परत डब्यात भरत होते. बारा आकडी, मोठ्या पडद्याचा, दुकानदारांसाठीचा. "ये पीस खराब है," म्हणाले. पडदा माझ्याकडे वळवला. ०.०१२३४५६७९०१. सातानंतर एकदम नऊ.

"आठ किधर गया?"

पीस ठीक होता. आठ आकडी यंत्राचा पडदा सहावरच संपत होता, म्हणून इतके दिवस चोरी उघडकीला आली नव्हती, एवढंच. त्या आठाचा माग काढायला आपल्याला डोंबिवलीपर्यंत जावं लागेल. फार लांब नाही: शहाड, कल्याण, ठाकुर्ली, डोंबिवली.

कॅम्प एकला शहाड स्टेशन जवळचं. उल्हासनगर नावाचं स्टेशन आहे, पण ते दुसऱ्या फाट्यावर, अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूला, कर्जत लाइनीवर. कल्याणला रूळ फुटतात आणि शहाड कसाऱ्याच्या वाटेला लागतं. त्याच वाटेने कसाऱ्याचा घाट चढलं की इगतपुरी आणि पुढे नाशिकच्या अलीकडे देवळाली. या देवळालीत १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं एक शाळामास्तर गणित शिकवत होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक त्यांना मिळालं होतं. त्यापुढचं पदव्युत्तर शिक्षण मात्र कधी झालं नाही. त्यांचा सगळा संसार आकड्यांचा, आणि आकड्यांशी खेळणाऱ्या माणसाला गणितातले मोठे लोक सहसा पाटावर बसवत नाहीत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ६१७४ हा त्यांचा आकडा जगभर झाला. तोवर मास्तर निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

६१७४ ची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून इथे ती सोडून देतो. आपल्याला हवा आहे तो त्यांचा दुसरा, कमी गाजलेला शोध: डेम्लो संख्या. नाव परदेशी वाटतं. प्रत्यक्षात ते तेव्हाच्या जी. आय. पी., म्हणजे आजच्या सेंट्रल रेल्वेवरच्या, मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनाचं नाव आहे. डेम्लो म्हणजे आजची डोंबिवली. या संख्यांचा विचार कापरेकरांच्या डोक्यात त्या स्टेशनात आला, म्हणून त्यांनी संख्यांना स्टेशनाचंच नाव देऊन टाकलं. १९३८ मध्ये 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात 'ऑन वंडरफुल डेम्लो नंबर्स' या नावाने त्यांचा लेख आला. जगात कितीतरी संख्यांना माणसांची नावं आहेत; सेंट्रल रेल्वेच्या लोकल स्टेशनाचं नाव असलेली दुसरी संख्या माझ्या ऐकिवात नाही. आज त्याच फलाटावर सकाळी आठ-वीसला उभं राहून कुणाला काही सुचेल का, हा प्रश्न वेगळा.

त्या अद्भुत डेम्लो संख्या अशा. ११ ला ११ ने गुणा: १२१. १११ ला १११ ने: १२३२१. ११११ ला ११११ ने: १२३४३२१. स्टेशनच्या पुलासारखं रूप आहे, पायऱ्या चढायच्या आणि पलीकडे तितक्याच उतरायच्या. असं का होतं ते गुणाकार मांडून पाहिला की दिसतं:

. . . ११११
. . ११११ .
. ११११ . .
११११ . . .

चार ओळी, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. आता उभी बेरीज करा. अगदी उजव्या रकान्यात एकच एक आहे, त्याच्या शेजारी दोन, मग तीन, मधल्या रकान्यात चार, आणि पुन्हा तीन, दोन, एक. रकान्यात किती एक पडले, एवढंच उत्तरात उमटतं. नऊ एक घेतले तर पूल सगळ्यात उंच होतो: १२३४५६७८९८७६५४३२१.

इथे कुणीही म्हणेल, नियम सापडला. नऊदा पडताळून पाहिला, अजून काय हवं? दहा एक घेऊन पाहा. ११११११११११ चा वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. पुलाचा माथा ढासळला आहे. आणि चढत्या बाजूला सातानंतर थेट नऊ. साईंचा आठ इथूनही गायब आहे.

लहानपणी माझी शिकवणी कॅम्प एकमधल्याच एका बराकीत होती. उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथल्या बराकी मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळालं. पण लोकांच्या तोंडी आकडेच राहिले. इथे पत्ता म्हणजे कॅम्प नंबर, बराक नंबर, खोली नंबर. लांबलचक बराकी सुरुवातीला गोणपाटाचे पडदे लावून कुटुंबांत वाटल्या गेल्या. मग पडद्यांच्या भिंती झाल्या आणि कुटुंबं वाढली तशा भिंतींच्या आत भिंती. अपूर्णांकाचा अपूर्णांक काय असतो, ते कॅम्पातल्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

तर त्या शिकवणीतल्या सरांचा एक नियम होता: चौकडी वहीत एका चौकोनात एकच आकडा. बेरीज दहा झाली की शून्य चौकोनात आणि एक डावीकडच्या डोक्यावर, बारीक अक्षरात. हातचा. हातचा विसरला की पट्टी. आज मला वाटतं, गणितातले किती नमुने या एका नियमाखाली गाडले गेले असतील! कारण दहा एकांच्या वर्गात बिघडलं काहीच नाही. रकान्यांच्या बेरजा अजूनही १, २, ३ अशा ९ पर्यंत, मग १०, आणि उतरत ९ ते १, अशाच आहेत. फक्त दहा एका चौकोनात मावत नाही. शून्य राहिलं, एक हातचा गेला. शेजारी नऊ होता, तो दहा झाला. त्यानेही शून्य ठेवून एक पुढे ढकलला. त्याच्या शेजारी आठ होता. आठ आणि एक, नऊ. आठ कुठेही गेला नाही. त्याच्या डोक्यावर हातचा येऊन बसला आणि त्याचा चेहरा बदलला.

आता अनंताकडे. एक रुपया नऊ जणांत वाटायचा आहे. प्रत्येकाला दहा पैसे दिले की नव्वद गेले, दहा पैसे उरले. त्यातून एकेक पैसा दिला, एक पैसा उरला. पैशाचे दहा तुकडे करता आले असते तर प्रत्येकाला एकेक तुकडा मिळून पुन्हा एक तुकडा उरला असता. दर वेळी वाटून उरतो तो एकच, फक्त दहापट लहान. आणि उरलेलं दर वेळी तसंच दिसतं म्हणूनच दिलेलंही दर वेळी तसंच दिसतं: ०.११११… म्हणजेच

१/१० + १/१०० + १/१००० + … = १/९

डावीकडे न संपणारी रांग, उजवीकडे शाळकरी अपूर्णांक.

आता १/९ ला १/९ नेच गुणा. नऊ खोल्यांच्या बराकीत प्रत्येक खोलीचे पुन्हा नऊ भाग. उत्तर १/८१, हे तोंडी झालं. पण दशांशात मांडून पाहा. ०.१११… च्या पहिल्या एकाने गुणलं की ओळ येते ०.०१११…, दुसऱ्या एकाने ०.००१११…, तिसऱ्याने ०.०००१११…. अगदी डोंबिवलीचाच जिना, फक्त ओळी उजवीकडे कधी संपत नाहीत. उभी बेरीज करा: एक, दोन, तीन, चार, पाच… म्हणजे

१/१०० + २/१००० + ३/१०००० + … = १/८१

डेम्लो संख्या चढते आणि उतरते. १/८१ हा असा जिना आहे जो चढतच राहतो, पलीकडचा फलाट येतच नाही. दहाव्या रकान्यात दहा आहे, अकराव्यात अकरा, शंभराव्यात शंभर. आणि सरांच्या नियमाप्रमाणे प्रत्येकाने चौकोनात एकच आकडा ठेवून बाकीचं डावीकडे द्यायचं आहे.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती मला शाळेत कुणी सांगितली नव्हती. बेरीज आपण उजवीकडून सुरू करतो. एकक, मग दशक, मग शतक. हातचा उजवीकडून येतो. पण या रांगेला उजवं टोकच नाही. मग पहिला हातचा कुठून निघायचा? आठाच्या घरी येणाऱ्या हातच्यासाठी नवाचा हिशेब लागतो, नवासाठी दहाचा, दहासाठी अकराचा, आणि तो कधीच संपत नाही. मुलांना न कळणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी खरोखरच न कळण्यासारख्या असतात, त्यांतली ही एक.

यावरचा उपाय साधा आहे: एकेक हातचा मोजायचाच नाही. आठाच्या उजवीकडे जे काही आहे, ते सगळं एका गोणीत भरून तराजूत घालायचं. वजनाचं माप आठाच्या घराचं. उजवीकडची पहिली खोली दहावा हिस्सा मोलाची, दुसरी शंभरावा, तिसरी हजारावा. त्यांत आहेत ९, १०, ११, … म्हणजे ८ + १, ८ + २, ८ + ३, … सगळ्या खोल्यांतले आठ आधी बाहेर काढू: ८/१० + ८/१०० + ८/१००० + …, हे झाले ८/९, म्हणजे ७२/८१. मागे राहिले १/१० + २/१०० + ३/१००० + …, आणि ही तर आपलीच मूळ रांग आहे, दहापट होऊन आलेली: १०/८१. एकूण ८२/८१.

पूर्ण एक, आणि वर १/८१.

म्हणजे आठाला बरोबर एक हातचा मिळतो आणि तो नऊ होतो. तोही अगदी काठावर पास. साताच्या घरी हाच हिशेब केला तर ६३/८१ + १०/८१ = ७३/८१. एक पुरा होत नाही, हातचा नाही, सात सातच राहतो. सहा, पाच, चार यांचं तर बोलायलाच नको. रांगेत चेहरा बदललेला पहिला आकडा म्हणजे आठ, आणि तोही एक्याऐंशीव्या भागाच्या फरकाने.

पण यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळी आहे. हातचा देऊन झाल्यावर गोणीत काय उरलं? १/८१. जिथून निघालो तेच, फक्त नऊ घरं पुढे. मग तिथून पुन्हा ०१२३४५६७९, पुन्हा नऊ घरं, पुन्हा उरणार १/८१. रुपयाच्या वाटणीत उरलेला एक पैसा आणि इथे उरलेला एक्याऐंशीवा भाग, दोघे एकाच घरचे. रकान्यांत अकरा, बारा, तेरा असे मोठमोठे आकडे चढत गेले तरी बाहेर तीच नऊ अक्षरं फिरत राहतात ती यामुळे. न संपणाऱ्या रांगेचा नमुना दिलेल्या आकड्यांत शोधत बसण्यापेक्षा उरलेल्याकडे पाहिलं की तो लवकर सापडतो, असा माझा अनुभव आहे.

वाटल्यास ताळा करा. ०१२३४५६७९ एवढा तुकडा घ्या आणि नऊने गुणा: १२३४५६७९ × ९ = १११११११११. सत्तावीसने गुणलं तर ओळीने नऊ तीन, त्रेसष्टने गुणलं तर नऊ सात. आठ नसलेला हा आकडा शाळेच्या सहलीत बसमध्ये कुणीतरी कुणाला करून दाखवतोच. तो मुळात एका अनंत बेरजेचा कापलेला तुकडा आहे, हे बसमध्ये कुणी सांगत नाही.

सरांचा नियम पाळायचाच, पण चौकोन मोठा घेतला तर? एका चौकोनात एकाऐवजी दोन आकडे मावू दे. दहाच्या जागी शंभर, नऊच्या जागी नव्व्याण्णव, एक्याऐंशीच्या जागी ९९ × ९९ = ९८०१. आणि १/९८०१ काढलं की येतं

०.०० ०१ ०२ ०३ ०४ ०५ ०६ … ९५ ९६ ९७ ९९ ०० ०१ …

सगळे आकडे हजेरीला उभे. गैरहजर फक्त ९८. तीन आकडी चौकोन केले तर १/९९८००१ मध्ये ००० पासून ९९९ पर्यंत सगळे येतात, ९९८ वगळून. मार खाणारा नेहमी शेवटून दुसरा. कारण तेच.

ही खोली रुंद करण्याची युक्ती एकदा हाताला लागली की साध्या भागाकारांत लपलेल्या रांगा उघड्या पडायला लागतात. १/९८ काढा: ०.०१ ०२ ०४ ०८ १६ ३२ ६५… दुप्पट, दुप्पट, दुप्पट, आणि चौसष्टच्या जागी पासष्ट. पुढचे १२८ दोन आकड्यांच्या खोलीत मावले नाहीत, शंभर डावीकडे हातचा होऊन गेले. १/९७ मध्ये तिप्पट: ०१ ०३ ०९ २७, आणि ८१ च्या जागी ८३, कारण पुढे २४३ आहेत. छेद शंभरला किती कमी पडतो तेवढ्या पटीने रांग वाढते. ९८ दोनने कमी, म्हणून दुप्पट.

सगळ्याच रांगा हातच्याखाली लपत नाहीत. काही जास्तच आटोपशीर लिहिल्यामुळे लपतात. ही पाहा:

१/२ + १/६ + १/१२ + १/२० + १/३० + …

पहिल्या दोहोंची बेरीज २/३, तिघांची ३/४, चौघांची ४/५, पाचांची ५/६. सुंदर आहे. पण दहाव्या एकाने आपल्याला शिकवलं आहे की पाचदा दिसलं म्हणजे कळलं असं नाही. कारण हवं. ते कारण कॅम्पातल्या बाजारात रोज फिरत असतं. समजा एका दुकानदाराच्या हातात एक रुपया आला. त्याने अर्धा ठेवला, अर्धा शेजाऱ्याला उसना दिला. शेजाऱ्याने आलेल्या अर्ध्यातून तिसऱ्याला एक तृतीयांश रुपया दिला. त्याच्याकडे राहिला १/२ वजा १/३, म्हणजे १/६. तिसऱ्याने चौथ्याला पाव दिला, त्याच्याकडे १/३ वजा १/४, म्हणजे १/१२. प्रत्येकाचं देणं हे पुढच्याचं येणं. रांगेतल्या सगळ्यांच्या गल्ल्यातली रक्कम मोजली तर मधली उसनवारी आपोआप फिटते आणि बाहेर राहतो तो फक्त शेवटच्याने पुढे दिलेला बारीकसा तुकडा. दुकानदार वाढवत नेले की तो तुकडाही नाहीसा होत जातो. बेरीज, एक रुपया.

१६७२ मध्ये पॅरिसमध्ये हायगेन्सने तरुण लायब्निट्सला जवळपास हेच कोडं घातलं होतं. १ + १/३ + १/६ + १/१० + …, छेदात १, ३, ६, १० या त्रिकोणी संख्या. लायब्निट्सने याच उसनवारीने ते सोडवलं. उत्तर २, कारण ही रांग आपल्या रांगेची दुप्पट आहे. वकिलीचं शिक्षण घेतलेला माणूस होता. देण्याघेण्याचा हिशेब त्याला कळायचाच.

पण तुकडे लहान होत जातात म्हणून बेरीज आवरतीच राहील, या भरवशावर राहू नये. १ + १/२ + १/३ + १/४ + … ही दिसायला सगळ्यात गरीब रांग, आणि ती कशातच मावत नाही. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त. १/५ ते १/८ ही चौघं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. पुढची आठ, पुढची सोळा, प्रत्येक टोळी अर्ध्याहून जास्तच. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या फ्रेंच धर्मपंडिताने हे दाखवून दिलं. वेग मात्र बैलगाडीचा: पाचची हद्द ओलांडायला ८३ तुकडे लागतात, दहाची ओलांडायला १२,३६७. कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या कुणालाही शपथेवर सांगावंसं वाटेल की ही थांबली.

आणि आता कापरेकर मास्तरांना आवडलं असतं असं एक. याच रांगेतून ज्यांच्या छेदात कुठेही ९ हा आकडा येतो ते सगळे तुकडे काढून टाका: १/९, १/१९, १/९०, १/१९४७, सगळे. अंबरनाथच्या लोकलमधून दोन-चार माणसं उतरल्यासारखं वाटेल, गर्दीला काय फरक पडणार? पण १९१४ मध्ये केम्पनरने सिद्ध केलं की उरलेली रांग आवरते. पटवून घेणंही अवघड नाही. नऊ नसलेल्या एक आकडी संख्या आठ. त्यांचे तुकडे फार तर एकेक, म्हणजे मिळून आठच्या आत. दोन आकडी बहात्तर. प्रत्येकाचा तुकडा फार तर दहावा भाग, मिळून ७.२ च्या आत. तीन आकडी ६४८, प्रत्येकी फार तर शंभरावा भाग, ६.४८ च्या आत. दर पायरीला मर्यादा नऊ दशांशपट होते, आणि ८ + ७.२ + ६.४८ + … ही रुपया वाटण्याच्याच जातीची रांग, बेरीज ८०. खरी बेरीज तर २२.९२ च्या आसपासच आहे. म्हणजे उतरलेली माणसं दोन-चार नव्हतीच. शंभर आकडी संख्या घेतल्या तर ज्यांच्यात एकही ९ नाही अशा लाखात तीनसुद्धा निघत नाहीत. तिथे जवळजवळ अख्खा डबाच रिकामा होतो.

हे सगळं मी साईंना काही सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाइकं असतात. फक्त बिलबुकाच्या मागच्या बाजूला डोंबिवलीचा जिना काढून दाखवला, दहाच्या रकान्यावर बोट ठेवलं, आणि हातचा डावीकडे सरकवत आठापर्यंत आणला. त्यांनी तो कागद फाडून गल्ल्यात ठेवला आणि पीस पुन्हा मांडणीवर लावला.

नंतर एकदा गेलो तेव्हा मी एक नवी रांग घेऊन गेलो. १, १, २, ३, ५, ८, १३, २१: प्रत्येक आकडा आधीच्या दोहोंची बेरीज. जगात ती फिबोनाचीच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या आधी, बाराव्या शतकात गुजरातच्या आचार्य हेमचंद्रांनी लघु-गुरूंच्या मात्रा मोजताना ती मांडली होती. ही रांगही शतांशापासून एकेका घरात ठेवत गेलं तर तिची बेरीज १/८९ येते. साईंनी त्याच बारा आकडी यंत्रावर एक भागिले एकोणनव्वद केलं. ०.०११२३५९५५०५.

त्यांनी चष्मा कपाळावर सारला. शून्य, एक, एक, दो, तीन, पाँच, बोट सरकत गेलं आणि नवावर थांबलं. "फिर से आठ," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी बिलबुक उलटं केलं, आठ लिहिला, त्याच्या उजवीकडे तेरा लिहिला, आणि तेरातला एक पेनाने गोल करून आठाच्या डोक्यावर नेऊन ठेवला.